फलकावरचा इतिहास आणि फलकामागचा इतिहास

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या जुन्या हमरस्त्यांनी मोटारीतून जाताना प्रवाशाच्या दृष्टीस एका विशिष्ट प्रकारचा फलक वारंवार पडतो. खांबावर उभा केलेला ओतीव धातूचा हा फलक रुपेरी रंगाचा असतो. त्यावर उठावाची काळी अक्षरे असतात आणि माथ्यावर राज्याची मुद्रा असते. मजकूर फारसा नसतो, शंभरएक शब्दांत सारे आटोपते. अमुक लढाई येथून जवळच झाली, अमुक पुढाऱ्याचे घर येथून दोन मैलांवर होते, अमुक विद्यालय अमुक साली निघाले, एवढेच तो सांगतो. बहुतेक मोटारी त्याच्यासमोरून वेगाने निघून जातात. एखादी मात्र थांबते, आतील माणूस खाली उतरतो, मजकूर वाचतो आणि पुढे जातो. पुढच्या गावी तो पोहोचतो तेव्हा ते गाव त्याला पूर्वीइतके परके वाटत नाही.

असा एक फलक वाचला म्हणजे एक घटना कळते. परंतु एखाद्या प्रदेशातील सारे फलक एकापाठोपाठ वाचले आणि ते केव्हा व कोणी उभे केले याचीही नोंद ठेवली, तर आणखी एक गोष्ट कळते. त्या प्रदेशाने स्वतःविषयी काय अभिमानाने सांगितले, आणि काय सांगावयास त्याला फार वेळ लागला, हे त्यावरून उमगते. रस्त्यावरील फलकांच्या आधारे स्थानिक इतिहास शोधू पाहणाऱ्याने ही दुसरी गोष्ट विसरता कामा नये.

व्हर्जिनियातील या योजनेचा आरंभ १९२७ साली झाला. अशा प्रकारच्या राज्यव्यापी योजनांत ती अमेरिकेतील अगदी जुन्यांपैकी एक समजली जाते. तो काळ मोटारींच्या प्रसाराचा होता. चांगले रस्ते तयार होत होते आणि सुटीच्या दिवसांत कुटुंबेच्या कुटुंबे मोटारीतून देश पाहावयास निघत होती. या प्रवाशांनी आपल्या राज्यात यावे, थांबावे, चार पैसे खर्च करावेत, हा राज्याचा व्यावहारिक हेतू होता. आपला इतिहास जगाला सांगावा, हा दुसरा. विल्यम कार्सन हे त्या वेळी राज्याच्या विकास आयोगाचे प्रमुख होते, आणि फलकांचे मजकूर सिद्ध करण्याचे काम एच. जे. एकनरोड या इतिहासकाराकडे सोपविण्यात आले होते. प्रत्येक फलकाला एक अक्षर व एक क्रमांक देण्यात आला. मूळ योजनेत ते अक्षर रस्ता दर्शवीत असे. आज राज्यभर अशा फलकांची संख्या अडीच हजारांच्या वर गेली आहे.

फलक वाचण्याचीही एक रीत आहे. पहिली गोष्ट अशी की, फलक जेथे उभा आहे तेथेच घटना घडली असे समजू नये. मोटार थांबविण्यास सोयीची जागा पाहून फलक रोवलेला असतो, आणि मूळ स्थळाची दिशा व अंतर मजकुरातच दिलेले असते. दुसरी गोष्ट म्हणजे फलकाच्या पायथ्याची बारीक ओळ. बहुतेक प्रवासी ती वाचत नाहीत. तीत फलक उभारणाऱ्या खात्याचे नाव असते आणि बहुधा सालही असते. हे खाते काळानुसार बदलत गेले. आरंभी ते विकास आयोगाकडे होते, मधल्या काळात राज्य ग्रंथालयाकडे होते आणि आता ते ऐतिहासिक वारसा खात्याकडे आहे. म्हणून केवळ त्या नावावरूनही फलकाचे वय अजमावता येते. वरचा मजकूर १८६५ सालाविषयी असेल, पण तो लिहिणारी लेखणी १९२९ सालची असू शकते. त्या लेखणीचे आवडते विषय, तिचे आदर आणि तिचे विसर ही सारी त्या मजकुरात उतरलेली असतात.

आपल्याकडील वीरगळाशी तुलना केली असता हा भेद अधिक स्पष्ट होतो. वीरगळ हा पडलेल्या वीराच्या आप्तांनी किंवा गावाने, त्याची आठवण ताजी असताना उभा केलेला दगड असतो. तो स्वतःच इतिहासाचे साधन आहे. व्हर्जिनियाचा फलक हा मात्र घटनेनंतर पन्नास, शंभर, कधी दीडशे वर्षांनी राज्याने लिहविलेला निवेदनाचा तुकडा आहे. वीरगळ हा साक्षीदार आहे, तर फलक हा निवेदक. निवेदकाचे म्हणणे ऐकावे, पण तो कोण आहे हेही विचारावे.

हे प्रत्यक्षात कसे घडते, ते पाहण्यासाठी प्रिन्स एडवर्ड नावाची एक काउंटी घेता येईल. काउंटी म्हणजे राज्याचा एक प्रशासकीय विभाग. तिला स्वतःचे न्यायालय, स्वतःची दप्तरे आणि निवडून आलेले पर्यवेक्षक मंडळ असते. ही काउंटी राज्याच्या दक्षिण-मध्य भागात आहे. क्षेत्रफळ सुमारे साडेतीनशे चौरस मैल आणि लोकवस्ती बावीस हजारांच्या आसपास. आकाराने आपल्या एखाद्या तालुक्याएवढी म्हणावी लागेल. ॲपोमॅटॉक्स नदीच्या काठचे फार्मव्हिल हे तिचे मुख्य गाव.

व्हर्जिनियात काउंटीच्या सीमेवर उभे करावयाच्या फलकांची एक स्वतंत्र मालिकाच आहे. अमुक काउंटी केव्हा निघाली, कोणत्या जुन्या काउंटीतून निघाली आणि तिला कोणाचे नाव मिळाले, ही माहिती त्यांवर असते. प्रिन्स एडवर्ड काउंटी १७५४ साली अमेलिया काउंटीपासून वेगळी झाली आणि तिला इंग्लंडचे राजे दुसरे जॉर्ज यांच्या नातवाचे नाव मिळाले. म्हणजे केवळ नावावरूनच या भूमीचा पहिला अध्याय कळतो. तो इंग्रजी वसाहतीचा, तंबाखूच्या मळ्यांचा आणि त्या मळ्यांवर राबणाऱ्या आफ्रिकी गुलामांचा आहे. अर्थात यातील शेवटची गोष्ट नाव सांगत नाही.

फार्मव्हिलच्या दक्षिणेस काही मैलांवर हॅम्पडन-सिडनी महाविद्यालय आहे. त्याचे वर्ग १७७५ च्या नोव्हेंबरात सुरू झाले, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्याही आधी. पॅट्रिक हेन्री आणि जेम्स मॅडिसन हे त्याच्या पहिल्या विश्वस्तांपैकी होते. हॅम्पडन व सिडनी हे दोघेही राजसत्तेच्या अतिरेकाला विरोध करणारे सतराव्या शतकातील इंग्रज पुढारी. त्यांची नावे विद्यालयाला देण्यात त्या पिढीची स्वातंत्र्याकांक्षा दिसते. एका आडवळणाच्या काउंटीला अशा संस्थेचा अभिमान वाटावा, यात नवल नाही.

यानंतरचे फलक आपल्याला १८६५ च्या एप्रिल महिन्यात नेऊन सोडतात. अमेरिकेच्या यादवी युद्धाचे ते अखेरचे दिवस. रिचमंड राजधानी पडल्यावर जनरल रॉबर्ट ली यांचे दक्षिणी सैन्य पश्चिमेकडे माघार घेत होते. ६ एप्रिल रोजी या काउंटीच्या सीमेवर सेलर्स क्रीक येथे त्याचा मोठा पराभव झाला. त्या एका दिवसात सात हजारांहून अधिक सैनिक, बरेचसे कैदी होऊन, ली यांनी गमावले. दुसऱ्या दिवशी फार्मव्हिलजवळच्या उंच रेल्वेपुलापाशी चकमक झाली. नदीच्या खोऱ्यावरून जाणारा हा पूल सुमारे अडीच हजार फूट लांबीचा होता. माघार घेणाऱ्यांनी तो जाळावयाचा प्रयत्न केला, परंतु शेजारचा गाडीपूल पूर्ण जळण्यापूर्वीच उत्तरेच्या सैन्याने तो हस्तगत केला. त्याच दिवशी, ७ एप्रिलला, जनरल ग्रँट यांनी फार्मव्हिल येथून ली यांना शरणागतीविषयीचे पहिले पत्र लिहिले, आणि ९ एप्रिलला ॲपोमॅटॉक्स येथे ली शरण आले. माघारीच्या या वाटेवर आजही पायरीपायरीने फिरता येते. जुन्या लोहमार्गाच्या जागी आता पायी व सायकलीने जाण्याची वाट झाली आहे आणि ती त्या पुलावरूनच जाते.

एखाद्या प्रवाशाने इतकेच वाचून प्रवास संपविला, तर त्याच्या मनात या काउंटीचे एक सुबक चित्र उभे राहील. जुने महाविद्यालय, थोर विश्वस्त, शूर सेनानी आणि करुण माघार, असे ते चित्र असेल. ते खोटे नव्हे. परंतु यादवी युद्धाच्या आरंभी या काउंटीतील निम्म्याहून अधिक माणसे गुलाम होती, ही गोष्ट त्या चित्रात कोठेच बसत नाही. योजनेच्या पहिल्या काही दशकांत राज्यभर उभ्या राहिलेल्या फलकांचा भर वसाहतकाळ, स्वातंत्र्ययुद्ध आणि यादवी युद्ध यांवर होता. कृष्णवर्णीयांच्या इतिहासाला त्यांत अत्यल्प जागा मिळाली. ही उणीव भरून काढण्याचे काम मुख्यतः गेल्या चार-पाच दशकांत झाले.

इस्रायल हिल या वस्तीविषयीचा फलक अशाच नंतरच्या फलकांपैकी आहे. रिचर्ड रँडॉल्फ नावाच्या एका तरुण मळेवाल्याचा १७९६ साली मृत्यू झाला. आपल्या मृत्युपत्रात त्याने गुलामगिरीची कठोर शब्दांत निंदा केली होती. आपल्या गुलामांना मुक्त करावे व त्यांना जमीनही द्यावी, असे त्यात लिहून ठेवले होते. इस्टेटीवर कर्ज होते, त्यामुळे प्रत्यक्ष मुक्तीस १८१० साल उजाडले. सुमारे नव्वद माणसे स्वतंत्र झाली आणि त्यांना फार्मव्हिलजवळ साडेतीनशे एकरांच्या आसपास जमीन मिळाली. बायबलात मिसरच्या दास्यातून सुटलेल्या लोकांची कथा आहे. तिचे स्मरण ठेवून त्यांनी आपल्या टेकडीला इस्रायल हिल हे नाव दिले. ते शेती करीत, सुतारकाम करीत आणि नदीतून सपाट तळाच्या होड्यांनी तंबाखू वाहून नेत.

गुलामगिरीच्या समर्थकांना ही वस्ती डोळ्यांत सलत होती. स्वतंत्र झालेला कृष्णवर्णीय माणूस आळशी व गुन्हेगार होतो, याचा पुरावा म्हणून १८३६ साली एका शेतकी मासिकातील लेखात तिचे नाव वापरले गेले, आणि तो लेख पुढे दूरवर पसरला. सत्य काय होते? मेल्व्हिन पॅट्रिक इली या इतिहासकाराने काउंटीच्या न्यायालयातील जुनी दप्तरे उलगडून त्याचा शोध घेतला. त्याचा ग्रंथ २००४ साली प्रसिद्ध झाला. जमिनीचे व्यवहार, कराच्या नोंदी, फिर्यादी आणि निकाल यांतून वेगळेच चित्र बाहेर आले. ही माणसे कष्ट करीत होती, जमिनी विकत घेत होती, गोऱ्यांविरुद्ध फिर्यादी लावीत होती आणि त्यांतील काही जिंकतही होती. फलक आणि दप्तर यांचे खरे नाते येथे दिसते. फलक दार दाखवितो, घर मात्र दप्तरखान्यात असते.

यापुढचा फलक फार्मव्हिल गावातच, एका साध्या विटांच्या शाळेपाशी आहे. १९३९ साली बांधलेल्या या शाळेला रॉबर्ट रूसा मोटन यांचे नाव दिलेले होते. मोटन हे याच काउंटीत वाढलेले कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ. बुकर टी. वॉशिंग्टन यांच्यानंतर टस्कीगी संस्थेची धुरा त्यांनी वाहिली. त्या काळी व्हर्जिनियात गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा कायद्यानेच वेगळ्या होत्या. मोटन शाळा एकशेऐंशी मुलांसाठी बांधलेली होती. १९५१ साली तीत साडेचारशेहून अधिक मुले शिकत होती. जादा वर्गांसाठी आवारात लाकडी झोपड्या उभारल्या होत्या आणि त्यांवर डांबरी कागद मारलेला होता. पाऊस आला की त्या गळत. हिवाळ्यात शेगडीजवळची मुले उकडून निघत, तर दूरची मुले अंगातला कोट न काढता बसत. पालकांनी वर्षानुवर्षे अर्ज केले आणि त्यांना वर्षानुवर्षे आश्वासने मिळाली.

२३ एप्रिल १९५१ रोजी बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या विद्यार्थिनीने काही सोबत्यांसह एक बेत तडीस नेला. खोटा दूरध्वनी करून मुख्याध्यापकांना बाहेर पाठविण्यात आले आणि साऱ्या शाळेला सभागृहात बोलाविण्यात आले. शिक्षकांना बाहेर जाण्याची विनंती करून बार्बराने मुलांपुढे भाषण केले, आणि सारी शाळा संपावर गेली. हा संप दोन आठवडे चालला. ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन हे नागरी हक्कांचे वकील मुलांच्या मदतीस आले. परंतु त्यांनी एक अट घातली. मागणी चांगल्या वेगळ्या शाळेची नको, वेगळेपणच नाहीसे करण्याची हवी. मुलांनी व पालकांनी ती मान्य केली. एका महिन्यात ११७ विद्यार्थ्यांच्या वतीने दावा दाखल झाला. पुढे ब्राउन या नावाने प्रसिद्ध झालेल्या निकालात जे पाच खटले एकत्र आले, त्यांपैकी हा एक. विद्यार्थ्यांनी स्वतः पुढाकार घेऊन उभा केलेला असा तो एकटाच होता. १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविला.

कथा येथे संपली असती तर ती सुखान्त झाली असती. पण व्हर्जिनियाच्या राज्यकर्त्यांनी या निकालाला कडवा विरोध आरंभिला. १९५९ साली प्रिन्स एडवर्ड काउंटीतील शाळा एकत्र करण्याचा न्यायालयीन आदेश आला, तेव्हा पर्यवेक्षक मंडळाने शाळांसाठी पैसाच मंजूर केला नाही. काउंटीतील सर्व सार्वजनिक शाळांना कुलपे लागली. गोऱ्या मुलांसाठी तत्काळ एक खाजगी शाळा निघाली. कृष्णवर्णीय मुलांसाठी काहीही नव्हते. सतराशेच्या आसपास मुले शाळेविना राहिली. काहींना आईबापांनी दूरच्या नातलगांकडे धाडले, काहींना क्वेकर पंथीयांच्या संस्थेने परराज्यातील कुटुंबांत आश्रय मिळवून दिला, आणि काही चर्चच्या तळघरांत भरणाऱ्या वर्गांना जात. पुष्कळ मुले मात्र शेतात कामाला लागली आणि पुन्हा कधी वर्गात बसलीच नाहीत. १९६३ च्या सप्टेंबरात केनेडी शासनाच्या साहाय्याने देणग्यांवर चालणाऱ्या मोफत शाळा निघाल्या, आणि मूठभर गोरी मुलेही त्यांत आली. अखेर २५ मे १९६४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा बंद ठेवण्याची ही युक्ती बेकायदा ठरविली, आणि त्या वर्षी सार्वजनिक शाळा पुन्हा उघडल्या. पाच वर्षे गेली होती. शाळा बंद झाली तेव्हा सहा वर्षांचे असलेले मूल आता अकरा वर्षांचे झाले होते, आणि त्यांतील कित्येकांना अक्षरओळखही नव्हती.

ही पाच वर्षे शंभर शब्दांच्या फलकावर कशी मावावीत? तारीख मावते, खटल्याचे नाव मावते. गळक्या झोपडीतला वर्ग, बंद दारासमोर उभे असलेले मूल आणि पुढे आयुष्यभर सही करताना थबकणारा त्याचा हात, हे मावत नाही. तरीही फलक उभा राहिला, याला मोल आहे. ज्या काउंटीने ही कुलपे लावली, तिच्याच मुख्य गावात, राज्याच्या मुद्रेखाली, ती गोष्ट आता लिहिलेली आहे. १९९८ साली मोटन शाळेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला आणि २००१ साली, संपाला पन्नास वर्षे पूर्ण झाली तेव्हा, तेथे संग्रहालय सुरू झाले. २००३ साली राज्याच्या विधिमंडळाने शाळा बंद ठेवल्याबद्दल तीव्र खेद व्यक्त केला. त्याच वर्षी शिक्षण हुकलेल्यांना सन्माननीय पदविका देण्यात आल्या. त्या घेणारी मुले आता पन्नाशीसाठीत पोहोचलेली होती. पुढच्या वर्षी त्यांच्यासाठी शिष्यवृत्तीची योजनाही निघाली.

याच काउंटीतून ली यांचे सैन्य एका एप्रिलात गेले, आणि शहाऐंशी वर्षांनी दुसऱ्या एप्रिलात बार्बरा जॉन्स शाळेच्या व्यासपीठावर उभी राहिली. वॉशिंग्टन येथील संसदभवनात प्रत्येक राज्याला दोन पुतळे ठेवता येतात. व्हर्जिनियाने ठेवलेल्या दोन पुतळ्यांपैकी एक ली यांचा होता. २०२० च्या डिसेंबरात तो हलविण्यात आला, आणि त्या जागेसाठी राज्याने बार्बरा जॉन्स यांची निवड केली. रस्त्यावरचे फलक मात्र दोन्ही एप्रिलांचे आहेत, आणि ते तसे असण्यातच त्यांची उपयुक्तता आहे. एक पुसून दुसरा लिहिल्याने इतिहास पुरा होत नाही. दोन्ही वाचले, आणि त्या दोहोंच्या मधले अंतर मोजले, म्हणजे तो पुरा होऊ लागतो.

म्हणून स्थानिक इतिहासाच्या जिज्ञासूने रस्त्याकडेच्या फलकापाशी अवश्य थांबावे. वरचा मजकूर वाचावा, पायथ्याचे साल पाहावे आणि दिलेल्या दिशेने चालत मूळ जागेपर्यंत जावे. मग काउंटीच्या दप्तरखान्यात जाऊन विचारावे की, त्या वर्षी या गावात आणखी कोण राहत होते. कर कोण भरीत होते, फिर्याद कोणाची होती, शाळेच्या पटावर कोणाची नावे होती आणि कोणाची नव्हती, हेही विचारावे. ज्या वळणावर काहीच घडले नाही असे वाटते आणि फलकही नाही, तेथे तर हा प्रश्न अधिकच आवर्जून विचारावा. इस्रायल हिलच्या टेकडीखालून जाणारा रस्ता कित्येक वर्षे असाच बिनफलकाचा होता.